पुरावा चौकटीत होता की कटमध्ये?

मे महिन्यात नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या चित्रपट-संकलन कार्यशाळेत सलग दोन संध्याकाळी आपण आगगाडीतल्या खुनाची एकच गोष्ट दोनदा पाहिली. पहिल्या दिवशी १९७४ चा ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’, दुसऱ्या दिवशी २०१७ चा. कूलर बंद ठेवून, कारण त्याच्या घरघरीत संवाद बुडतात आणि या गोष्टीत संवाद बुडाले की सगळंच बुडतं. निघताना तू जिन्यात थांबून विचारलंस, “सर, जुन्या डिटेक्टिव्ह सिनेमात उलगडायला इतका वेळ काहून लावतात? आणि नवा बघताना मजा येते, पण दुसऱ्यांदा बघावासा वाटत नाही, असं काहून होते?” मग जरा चाचरत, “महाल भागातल्या आमच्या वाड्यात मी जी फिल्म करतेय, ती कोणत्या पद्धतीनं करू?”

जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं हे उत्तर नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझं मत आधी सांगतो, मग त्याची कारणं. चांगल्या जुन्या रहस्यपटात पुरावा चौकटीच्या, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या चित्राच्या आत, उघड्यावर ठेवलेला असतो. आजच्या बऱ्याच रहस्यपटांत तो दोन शॉटांच्या मधल्या फटीत ठेवलेला असतो, आणि शेवटी फ्लॅशबॅक उघडून तिथून बाहेर काढला जातो. पहिल्या प्रकारात प्रेक्षक चुकतो. दुसऱ्या प्रकारात त्याला बरोबर येण्याची सोयच नसते. आपण नेमके कुठे चुकलो हे बघायला माणूस परत जातो; जिथे चुकायलाही जागा नव्हती तिथे परत जाऊन काय करणार?

मी संकलनाचं काम शिकलो मुंबईत, स्टीनबेक टेबलावर, म्हणजे फिल्म बघत बघत कापायच्या यंत्रावर. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते, एका फुटात १६ फ्रेम मावतात, म्हणजे हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटांत संपतं. कट करायचा म्हणजे फिल्म हातात धरून ग्रीस पेन्सिलनं खूण करायची, स्प्लायसरवर कापायची, टेप लावायची आणि उरलेला तुकडा बिनमध्ये, म्हणजे तुकडे ठेवायच्या पेटीत, टांगून ठेवायचा. एकेका जॉईंटला वेळ लागायचा, म्हणून कापण्याआधी शॉट चारपाच वेळा सबंध बघितला जायचा. त्या बघण्यात कोपऱ्यातली खुर्ची, टेबलावरचा पेला, मागच्या दारातून गेलेली सावली, सगळं पाठ होऊन जायचं. आज मी संगणकावर एका सेकंदात कट करतो आणि तो तितक्याच वेळात मागे घेतो. या सोयीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण शॉट पूर्ण बघण्याची सवय मोडली की कोपऱ्यांत काय आहे हे संकलकालाच कळत नाही, मग तिथे पुरावा कोण लपवणार?

शॉट आखूड झाले आहेत हे तर मोजून सिद्ध झालेलं आहे. चित्रपट अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांच्या मोजणीप्रमाणे १९३० ते १९६० च्या काळातल्या हॉलीवूडपटांत एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकायचा. शतक संपता संपता तो ३ ते ६ सेकंदांवर आला. डोळ्याला ९ सेकंद मिळाले की तो चौकटीत फिरतो. ३ सेकंदांत तो फक्त दिग्दर्शकानं बोट दाखवलं तिथेच बघतो.

आता आपण पाहिलेल्या जोडीकडे येऊ. सिडनी ल्युमेटच्या १९७४ च्या चित्रपटाची सुरुवात तुला कंटाळवाणी वाटली होती: एका लहान मुलीचं अपहरण, वर्तमानपत्रांचे मथळे, संगीत, आणि बराच वेळ एकही गाडी नाही. पण नीट बघ, गोष्टीची मूळ जखम तिथे, गाडी सुटण्याआधीच, आपल्या हातात दिली आहे. पुढचे दोन तास आपण ती खिशात घेऊन फिरतो आणि ती खिशात आहे हे विसरतो. मग इन्ग्रिड बर्गमनची चौकशी आठव. जवळजवळ पाच मिनिटांचा प्रसंग, एकाच शॉटमध्ये. अल्बर्ट फिनीचा प्वारो, म्हणजे या गोष्टीतला गुप्तहेर, प्रश्न विचारतो आणि कॅमेरा बर्गमनला सोडत नाही. ती अडखळते, हात हलवते, नजर चुकवते. ती घाबरलेली आहे, की खोटं बोलते आहे, की तिला नीट इंग्रजीच येत नाही? तिन्ही शक्यता एकाच चेहऱ्यावर, आणि मध्ये कट नसल्यामुळे कुणी आपल्याला निवड करून देत नाही. या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

२०१७ मध्ये केनेथ ब्रॅनानं दिग्दर्शनही केलं आणि प्वारोही साकारला. चित्रीकरण ६५ मिमी फिल्मवर आहे, आणि बर्फाचा पांढरा रंग मोठ्या पडद्यावर खरोखर डोळे दिपवतो. मृतदेह सापडतो तेव्हा कॅमेरा छतावर जातो आणि आपण माणसांची डोकी वरून बघतो. शॉट देखणा आहे. पण संकलक म्हणून माझा जीव तिथे तुटला, कारण चेहरे बघायची गरज सगळ्यात जास्त होती त्याच क्षणी चेहरे काढून घेतले गेले. चौकशी डब्याबाहेर, बर्फात जाते, पाठलाग होतो, शेवटचा उलगडा बोगद्यात लांब टेबलामागे सगळ्यांना बसवून होतो. प्रत्येक प्रसंगाला नवी जागा मिळाली, पण बंद डब्यात एकमेकांच्या इतक्या जवळ बसण्याचा कोंडमारा हातातून निसटला. या चित्रपटाचा एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. कायदा आणि न्याय यांमधली ओढाताण त्यानं प्वारोच्या चेहऱ्यावर जास्त ठळक आणली. हा शोध लावणाऱ्याला रात्री झोप येणार नाही, हे तिथे पटतं.

चौकटीत लपवणं म्हणजे नेमकं काय, ते माझ्या टेबलावरच्या एका अनुभवानं सांगतो. काही वर्षांपूर्वी सीताबर्डीतल्या एका घरात घडणारी लघुफिल्म मी कापत होतो. पुरावा होता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली किल्ली. आधी तिचा १४ फ्रेमचा क्लोजअप ठेवला. ज्या पाच जणांना दाखवली त्या पाचही जणांनी किल्ली ओळखली. मग तो ६ फ्रेमवर आणला, पाव सेकंद. तरीही पाचही जणांनी ओळखली! क्लोजअप कितीही आखूड केला तरी तो ओरडून सांगतोच, हे बघ. शेवटी क्लोजअप काढून टाकला आणि एक ९ सेकंदांचा वाईड शॉट वापरला. त्यात दूध उतू जातं आणि काकू सांडशी घेऊन धावतात. किल्ली चौकटीच्या जवळपास मध्यावर, स्वच्छ उजेडात, पूर्ण ९ सेकंद लटकते आहे. एकालाही दिसली नाही. नजर हालचालीमागे जाते, एवढंच त्याचं कारण. शेवट झाल्यावर त्यातली एक मुलगी म्हणाली, “अरे, ती तर तिथेच होती!” आणि तिनं स्वतःहून फिल्म मागे नेऊन तपासली.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. जुनं ते सगळं प्रामाणिक आणि नवं ते सगळं फसवं असं समजू नकोस. पडद्यावर खोटा फ्लॅशबॅक दाखवण्याचं गाजलेलं उदाहरण हिचकॉकचं आहे, १९५० चा ‘स्टेज फ्राइट’. त्यात सुरुवातीलाच एक पात्र काय घडलं ते सांगतं, आपण ते डोळ्यांनी बघतो, आणि नंतर कळतं की ते खोटं होतं. लोक चिडले, आणि पुढे हिचकॉकनं स्वतः ती चूक कबूल केली. आता योगायोग बघ, त्याच १९५० साली जपानमध्ये कुरोसावाचा ‘राशोमोन’ आला. त्यात तर एकाच घटनेच्या अनेक कहाण्या आहेत, एकमेकींना छेद देणाऱ्या, आणि त्या सगळ्याच पडद्यावर घडताना दिसतात. त्यावर कुणी फसवणुकीचा आरोप केला नाही. १९५१ मध्ये त्याला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. फरक इतकाच की कुरोसावा आधी साक्षीदाराला आपल्यासमोर बसवतो. आपण जे बघतोय ती साक्ष आहे, हे कळल्यावर साक्ष खोटी निघू शकते हेही प्रेक्षकाला आपोआप कळतं.

(‘कहानी’ पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून दे.)

सुजॉय घोषच्या २०१२ च्या ‘कहानी’त नायिकेच्या आठवणींत नवऱ्याचा जो चेहरा दिसतो तो तिच्या खऱ्या नवऱ्याचा नाही. म्हणजे ‘स्टेज फ्राइट’चीच युक्ती. तरी आपल्याकडच्या प्रेक्षकानं ती आनंदानं स्वीकारली. मला वाटतं, ती बाई शहरात आल्यापासून पोलिसांना एक गोष्ट सांगते आहे आणि आपण त्या गोष्टीची चित्रं बघतो आहोत, हे चित्रपटाचं नावच सांगून ठेवतं. तरीही माझ्या मनात त्याबद्दल थोडी खळखळ आहेच. ‘राशोमोन’च्या वाटेनं जास्त सरळ चालला तो मेघना गुलजारचा २०१५ चा ‘तलवार’: तेच घर, तीच रात्र, तपास करणाऱ्यांप्रमाणे बदलत जाणारं चित्र. तिथे प्रत्येक आवृत्ती कुणाची आहे हे स्पष्ट आहे, म्हणून ती कितीही वेगळी असली तरी फसवल्यासारखं वाटत नाही.

आपल्या मराठीतलं उदाहरण हवं असेल तर राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ मिळवून बघ. पत्नी गेल्यानंतर तीच आपण आहोत असं सांगणारी स्त्री समोर येते आणि गोष्ट कोर्टात जाते. दोन वर्षांत राज खोसलांनी त्यावर ‘मेरा साया’ केला. माझ्या वयाच्या माणसाला ‘पाठलाग’ म्हटलं की आधी आशा भोसल्यांचं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ ऐकू येतं. तुमच्या पिढीला रहस्यपटातलं गाणं म्हणजे गोष्ट थांबवणारा अडथळा वाटतो. इथे तसं नाही. गेलेली व्यक्ती अजून आपल्याकडे बघते आहे ही शंका त्या गाण्यानं घरात आणून सोडली. कोणत्याही संवादानं ती इतकी आत नेली नसती. त्याच १९६४ साली हिंदीत ‘वो कौन थी’नंही गाण्याकडून असंच काम करून घेतलं. दुसऱ्या टोकाला १९६९ चा ‘इत्तेफाक’ आहे. यश चोप्रांनी त्यात एकही गाणं ठेवलं नाही, जवळपास सगळी गोष्ट एका घरात, एका रात्रीत बसवली. २०१७ मध्ये तो पुन्हा झाला तेव्हा त्याच रात्रीच्या दोघांच्या दोन कहाण्या झाल्या. तुला शिकायचं असेल तर ही जोडीही शेजारी ठेवून बघ.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही: मध्यंतर. आम्ही सीताबर्डीत मॅटिनीला असे चित्रपट बघायचो, तेव्हा मध्यंतरात आलूबोंडा खाता खाता खुनी कोण यावर चांगलंच वाजायचं. त्यात कितीतरी जण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या रहस्यकथा-नायकांवर वाढलेले. वाचनालयातून एकेका दिवसात एकेक रहस्यकथा संपवणारे हे वाचक तर्क करायला बसलेलेच असत. दिग्दर्शकाला माहीत होतं की दहा मिनिटं हे लोक आपसांत बोलणार आहेत, म्हणून पहिल्या भागातला प्रत्येक धागा त्यांना आठवेल इतका ठळक असणं भाग होतं. शिवाय चित्रपट मागे नेता येत नव्हता. जे दाखवायचं ते एकदाच, आणि पुरेसा वेळ.

आता प्रेक्षक दहा सेकंद मागे जाऊ शकतो, चित्र थांबवून मोठं करू शकतो. यातून रहस्यपट जास्त बारीक, जास्त विश्वासानं करता यायला हवा होता. काही जण करतातही. रायन जॉन्सनच्या २०१९ च्या ‘नाइव्ज आउट’मध्ये त्या रात्री काय घडलं हे बरंच आधी सांगून टाकलेलं आहे, आणि तरी उरलेलं कोडं समोरासमोर खेळलं जातं. पण कामाच्या टेबलावर मला वेगळंच भेटतं. एका वेब मालिकेचा भाग कापून पाठवला, तर शेरा आला की प्रेक्षक मोबाईल बघत बघत मालिका बघतो, म्हणून पुरावा दिसल्यावर कुणाच्या तरी तोंडी तो पुन्हा सांगा. आम्ही तो सांगितला. एकदा नाही, तीनदा. शेवटी पुन्हा फ्लॅशबॅकमध्ये पांढऱ्या चमकीसकट दाखवला. त्या मालिकेतलं माझं काम मला आजही आवडत नाही. ज्याच्या नजरेवर आपला विश्वास नाही त्याच्यासाठी कोडं घालताच येत नाही, त्याला फक्त उत्तर वाचून दाखवता येतं.

मोबाईलनं पडद्याच्या आतही मोठा बदल केला. जुना गुप्तहेर एक माहिती मिळवायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा. दार ठोठवायचा, कुणीतरी अर्धवट उघडायचं, आत बसायला सांगायचं किंवा सांगायचं नाही. त्या जाण्यायेण्यात माणसं भेटायची. आज एक हवालदार संगणकासमोरून सांगतो, “साहेब, लोकेशन मिळालं,” आणि चार माणसांना भेटण्याचे चार प्रसंग एका वाक्यात संपतात. खऱ्या तपासात ही सोय हवीच. गोष्टीत मात्र त्या चार दारांची भरपाई करावी लागते. ती सगळ्यात हुशारीनं केली ‘दृश्यम’नं. आधी २०१३ मध्ये जीतू जोसेफ यांनी मल्याळममध्ये, मग २०१५ मध्ये आपल्या निशिकांत कामतांनी हिंदीत. पोलीस मोबाईलचा माग काढणार हे नायकाला ठाऊक आहे, म्हणून तो मोबाईल चालत्या ट्रकमध्ये टाकून देतो. आणि मग पुन्हा माणसांकडे वळतो: बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरातला ऑपरेटर. त्यांच्या आठवणीतली तारीख तो हळूहळू पक्की करत नेतो. गुन्हा आपण आधीच पाहिलेला आहे. इथे आपण पुरावा तयार होताना बघतो, आणि ते शोधण्यापेक्षा कमी थरारक नाही.

तू म्हणशील, सर, म्हणजे शेवटी जुनेच बरे. तसं नाही. १९७४ हे एकच वर्ष घे. त्या वर्षी ल्युमेटचा प्वारो सगळं कोडं सोडवून मोकळा होतो. त्याच वर्षी पोलान्स्कीच्या ‘चायनाटाउन’मधला गुप्तहेर सत्यापर्यंत पोचतो आणि त्याचा कुणालाही उपयोग होत नाही. आणि त्याच वर्षी सत्यजित राय ‘सोनार केल्ला’ करतात, ज्यात खलनायक कोण हे आपल्याला लवकरच कळतं आणि उत्सुकता रायांचा गुप्तहेर फेलूदा तिथे कसा पोचतो याची उरते. जुनं आणि नवं यांतली रेघ वर्षावर ओढता येत नाही.

जुन्यांची एक मर्यादा मला खरोखर खटकते. हॉलीवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत निर्मिती-संहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं याच्या नियमांचा, अंमल होता. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, हा त्यातला पक्का नियम. आपल्याकडेही शेवटी पोलिसांची जीप यायचीच. त्यामुळे मेलेला माणूस हा कोड्याचा पहिला तुकडा होऊन बसायचा. त्याच्या घरी कोण रडतंय हे बघायला कॅमेरा क्वचितच जायचा. हे दुःख पडद्यावर आणलं ते नंतरच्यांनी. बोंग जून-हो यांचा २००३ चा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ कोरियात १९८६ ते १९९१ दरम्यान झालेल्या खऱ्या खूनसत्रावर आहे. चित्रपट झाला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता, आणि चित्रपटातही सापडत नाही. शेवटी तपास केलेला, आता माजी झालेला अधिकारी थेट आपल्या डोळ्यांत बघतो. खरा गुन्हेगार डीएनएवरून ओळखला गेला २०१९ मध्ये, चित्रपटानंतर १६ वर्षांनी. ती नजर मी कितीदा बघितली असेल, सांगता येणार नाही. मोकळा सुटलेला खुनी आणि हरलेला तपास इतक्या प्रामाणिकपणे दाखवणं जुन्या नियमांत शक्यच नव्हतं, आणि ‘पुरावा चौकटीत’ या माझ्या कसोटीलाही तो चित्रपट पुरा उतरतो.

आता तुझी फिल्म. आजोबांचं मृत्युपत्र काकूंनी माजघरातल्या कूलरमध्ये, वाळ्याच्या ताटीमागे (भिजवून हवा गार करणाऱ्या गवती पडद्यामागे) लपवलंय, ही कल्पना उत्तम आहे. कागद भिजू नये म्हणून त्या बाजूचं पाणी बंद केलं, हे तर फारच छान. नागपुरात उन्हाळा काढलेल्या माणसालाच ते सुचेल. पण तुझ्या सध्याच्या कटमध्ये, म्हणजे जोडलेल्या फिल्ममध्ये, हे सगळं शेवटच्या चार मिनिटांच्या फ्लॅशबॅकमध्ये कळतं. त्याआधी कूलर फक्त ऐकू येतो, दिसत नाही. प्रेक्षकाकडे काहीच नाही.

तिसऱ्या मिनिटाला घरची सगळी जेवायला बसतात ना, तो प्रसंग ओसरीऐवजी माजघरात घे. कॅमेरा लांब, एकाच जागी, निदान १२ सेकंद. मागे कूलर, त्याच्या दोन ताट्या भिजून काळपट आणि तिसरी कोरडी, फिकट पिवळी. पुढे पानात आमरस वाढताना दोन भावांचं वाड्याच्या वाटणीवरून सुरू होऊ दे, आवाज चढू दे, वाटी कलंडू दे. काकांच्या तोंडी फक्त एवढंच ठेव, “यंदा हवा गरमच येऊन राहिली.” त्याला कुणी उत्तर देऊ नये. क्लोजअप अजिबात घेऊ नकोस, घेतलास तर वापरायचा मोह होईल. आणि एकदा संध्याकाळी काकूंना पाइपनं कूलर भरताना दाखव, तीन बाजूंपैकी दोनच बाजूंना पाणी घालताना, घाई न करता, रोजचं काम करावं तसं.

फ्लॅशबॅक आत्ताच फेकून देऊ नकोस. संगणकावर वेगळ्या बिनमध्ये ठेव आणि शनिवारी हार्ड डिस्क घेऊन ये. फ्लॅशबॅकशिवायचा कट आपण चार अनोळखी लोकांना दाखवू, दोन नागपूरचे आणि दोन बाहेरगावचे, आणि ताटी कोरडी असल्याचं कुणाच्या आणि कितव्या मिनिटाला लक्षात येतं ते टिपून घेऊ. वाळा अजून बाजारात मिळतोय तोवर तो माजघरातला शॉट उरकून घे.